मिटलेलं जनावर

“घरात जे जे बंद हाय ते सगळं उघड,” सुईण भागाबाय माजघराच्या उंबऱ्यात उभी राहून मला म्हणाली. “कुलपं, पेट्या, गाठी, झाकणं. काय म्हंता काय मिटलेलं ठेवू नको.”

सुगंधावहिनीला पहाटेपासून कळा येत होत्या. आमच्याकडे बाई अडली की घरातल्या गाठी सोडतात. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते, असं जुनी माणसं म्हणत. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आलेली, जिभेला हाड नसलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण वहिनीचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं आणि त्या वेळी तीही जेमतेम वाचली होती. तिला माहेर असं उरलं नव्हतं, म्हणून हे बाळंतपण आमच्या घरी. तालुक्याला जाणारी एकुलती एस.टी. सकाळीच निघून गेली होती आणि मध्ये सगळा घाट. अशा वेळी विश्वास आहे की नाही हे कोण विचारत बसतं? मी पदर खोचला.

कणगीचं झाकण काढलं. ट्रंका उघड्या टाकल्या. गुरांची दावी सोडली, तशी तांबू गाय थेट परसातल्या अळवात शिरली. दोरीवरचे कपडेसुद्धा मी काढून ठेवले, कारण दोरीला दोन्हीकडे गाठी. माझे केस सोडले. आयेचाही अंबाडा सोडला. आये तेवढ्यात लोणच्याची बरणी पोटाशी धरून बसली.

“ही नको गं चंद्रे. वर्साचं लोनचं नासंल.”

“सून पायजे का लोनचं?” भागाबाय आतूनच ओरडली.

आयेने गुपचूप बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. मला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं.

दुपार कलली तरी वहिनी होती तिथेच होती. कळा येत, तिला पिळून काढत आणि जात. पोर खाली सरकत नव्हतं. भागाबायने या पंचक्रोशीतली निम्मी माणसं आपल्या हातावर झेलली होती. ती बाहेर आली, पदराने मान पुसली आणि घराकडे नजर फिरवत म्हणाली, “काहीतरी राह्यलंय. ह्या घरात काहीतरी अजून बंद हाय.”

तेव्हा मला गोठ्यामागची खोप आठवली.

गोवऱ्या-शेण्या ठेवायची ती खोप. तिला कधी कडीही नसायची. पण दोन-तीन दिवसांपूर्वी दादाने तिला नवंकोरं कुलूप घातलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्ताराम, सुगंधावहिनीचा नवरा. तो जांभ्याच्या खाणीवर चिरे काढायला जायचा. कुलूप कशाला, असं विचारल्यावर म्हणाला होता, खाणीची सुरुंगाची दारू ठेवलीय, विडी-काडी घेऊन तिकडे फिरकायचं नाय. दारूच्या भीतीने कुणी त्या बाजूला गेलंही नाही.

दादा अंगणात जोत्यावर बसला होता. सकाळपासून तो रस्त्याकडे बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन हात पसरला.

“खोपीची चावी दे.”

“तिथं दारू हाय.”

“दारू उघडी राह्यली म्हनून पेटत नाय. दे.”

“नाय म्हटलं ना.”

आतून वहिनीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, गुरं कण्हतात तसं काहीतरी होतं. दादाचा चेहरा पडला. त्याने करगोट्याला बांधलेली चावी सोडली. म्हणजे आणखी एक गाठ त्याने दिवसभर अंगावरच बाळगली होती.

खोपीत डांबराचं एक जुनं पिंप होतं. तोंडावर जाळी आणि जाळीवर दोन चिरे. वास असा उग्र होता की मी नाकाला पदर लावला. दादाने चिरे उतरवले. मी वाकून बघितलं. तळाशी मध्यम फणसाएवढा एक गोळा होता, सगळीकडून खवल्यांनी मढलेला. तोंड कुठे, पाय कुठे, काही कळत नव्हतं. गोळा हळूच फुगत होता आणि बसत होता.

“खवल्या,” दादा म्हणाला. “खवलेमांजर. खानीवर बीळ लागलं. हे बिळात जाऊन आतनं मातीनं तोंड बुजवून बसतं, पन मना ताजी माती दिसली.”

“आनि ह्याचं रं काय करायचं?”

“गॉगलवाला नेनार हाय.”

त्या माणसाचं खरं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मध्येच कधीतरी जीप घेऊन खाणीवर यायचा. काळा गॉगल संध्याकाळीही काढायचा नाही. बोलायचा कमी. खाणीवरची माणसं तो आला की आपापल्या कामात मान घालत.

“ह्याची खवलं लांबच्या देशात जातात,” दादा म्हणाला. “औषद म्हनून.”

“कसली असतात ती?”

“आपल्या नखांसारखीच. गॉगलवालाच सांगत व्हता. नख न् खवलं, जिन्नस एकच.”

“मग माजी घे कापून. फुकट देतंय.”

तो हसला नाही. हलक्या आवाजात सांगत राहिला, जसं काही सगळं सांगून टाकल्यावर ते बरोबर ठरणार होतं. ह्याला दात नसतात. जीभ मात्र हातभर लांब आणि चिकट, ती वारुळात घालून वाळवी आणि मुंग्या ओढतं. दादाने भात घातला, दूध घातलं, त्याला त्याने तोंडसुद्धा लावलं नव्हतं. माणसाच्या ताब्यात ते टिकत नाही, झुरून मरतं, म्हणून आजच न्यायचं ठरलं होतं.

“आताच्या आता सोड ह्याला,” मी म्हणाले.

“सोडू? आनि सुगंधाला तालुक्याला कशातनं नेऊ? तुज्या पाठीवरनं?” दादा एकदम खवळला. “दिवे लागायला त्याची जीप येनार. मी त्याला सांगनार, माल घे नि माजी बायको दवाखान्यात पोचव. माल नसंल तर तो इंजान बंद करनार नाय, चंद्रे. वळवून जाईल.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी जाऊन भागाबायच्या कानात सांगितलं. वाटलं, ती किंचाळेल. ती नुसती भिंतीला टेकली. “पिंप उघडलंस?”

“व्हय.”

“आनि आतलं?”

“ते मिटलेलंच हाय.”

“मग काय उघडलंस तू, माज्या कर्मा?”

हे वहिनीने ऐकलं. कळांच्या मधल्या वेळात तिचे कान फार तिखट झाले होते. तिने सगळं विचारून घेतलं, आणि एकदा तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. घरात एक जनावर मिटून बसलंय आणि ते उघडेपर्यंत आपण मोकळ्या होणार नाही. भागाबायने समजावलं, आयेने देवाची शपथ घातली. वहिनी एकच म्हणत राहिली, “उघडलं का ते, वन्सं? बगून या.”

दादाने आधी हातांनी ओढून बघितलं. मग पहार आणली. खवल्यांच्या फटीत पहारीचं टोक घालून त्याने जोर लावला, तसा गोळा आणखी घट्ट झाला आणि आतून फुसकारल्यासारखा आवाज आला. एका खवल्याच्या धारेने दादाचा तळहात चिरला. वाघालाही हे उघडत नाही, असं म्हणतात. दगडाला फोडता तरी येतं. दादा हाताला फडकं गुंडाळत उभा राहिला आणि त्याची नजर परसातल्या चुलीकडे गेली. तिथे बाळंतिणीच्या पाण्याचा हंडा रटरटत होता.

“गॉगलवाला म्हनला व्हता,” तो पुटपुटला, “उकळतं पानी वतलं की उघडतं.”

“जितं?”

त्याची नजर हंड्यावरून हलली नाही.

“त्या हंड्याला हात लावलास तर बग,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

शेवटी भागाबायने निवाडा केला. मिटलेल्याला छळलं तर ते उघडत नाही, बाईचंही तसंच. पिंप आडवं करायचं, खोपीचं दार लावायचं, पण कुलूप नाही. आणि सगळ्यांनी लांब व्हायचं. फक्त मी कुडाच्या फटीतून बघायचं आणि उघडलं की तिथूनच हाक द्यायची.

मी फटीला डोळा लावून बसले. खोपीत अंधुक उजेड होता. गोळा पिंपाच्या तोंडाशी निश्चल. मागून, घरातून, थोड्या थोड्या वेळाने वहिनीचा आवाज यायचा.

“वन्सं, उघडलं का?”

“नाय अजून.”

उन्हं गोठ्याच्या कौलांवर गेली. तिथून माडाच्या शेंड्यावर. वहिनीची हाक बारीक होत चालली. मग ती हाक घालेनाशीच झाली, आणि मला त्या फटीपाशी बसवेना. सावली कुडावर चढत होती. भागाबाय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, ते मला तिच्या हाताच्या वासावरून कळलं.

“दम सपलाय तिचा,” ती म्हणाली. “पोराचं डोकं दारात हाय आनि ती सोडून देत्येय. आता नाय तर नाय.”

मी फटीतून पुन्हा बघितलं. गोळा होता तसाच होता.

मी उठले आणि घराकडे धावत सुटले. “मोकळं झालं! वयनी, मोकळं झालं गं! गेलं रानात, तुरुतुरु गेलं!”

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी पुन्हा कुणाचं पाहिलेलं नाही. मग तिने आयेचा दंड धरला, असा की आयेला पुढे आठवडाभर काळानिळा डाग होता, आणि तिने जोर केला. मुलगा झाला. रडायला थोडा वेळ घेतला त्याने, पण रडला.

आये हसायला आणि रडायला लागली. भागाबाय मात्र हसत नव्हती. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. “दवाखाना. लगेच.”

दादाला सांगायला मी परसात धावले. खोपीजवळून जाताना मी थांबले. का थांबले, सांगता येत नाही. फटीला डोळा लावला.

ते उघडलं होतं.

कुणी बघत नाही असं वाटल्यावर ते आपल्या मर्जीने उघडलं होतं. बारीक लांबट तोंड, मण्यांएवढे डोळे. मागच्या दोन पायांवर ते चालत होतं आणि पुढच्या पायांच्या लांब नख्या छातीशी दुमडून घेतल्या होत्या, एखादी म्हातारी हात बांधून चालते तसं. कुडाच्या मातीला लागलेली वाळवी ते जिभेने टिपत होतं. आणि त्याच्या शेपटीच्या बुडाशी एक पिल्लू चिकटलं होतं. फिकट, मऊ खवल्यांचं, माझ्या वितीएवढं. इतके दिवस ते त्या गोळ्याच्या आत होतं. म्हणूनच आई मिटून बसलेली होती.

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. तिने पिल्लू पोटाशी घेतलं आणि ती पुन्हा मिटली.

दादा पोतं घेऊन आलाच. मी दारात आडवी झाले. “पोर हाय रं तिच्या पोटाशी.”

“मनाबी हाय,” दादा म्हणाला. त्याने मला बाजूला केलं.

गॉगलवाल्याने पोतं हातात घेऊन वजन बघितलं, बाहेरून चाचपलं. मग वहिनीकडे एक नजर टाकली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “घे मागं. पण सीट खराब नको.” पोर आयेपाशी राहिलं. घोंगडी अंथरून आम्ही वहिनीला जीपच्या मागच्या भागात निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. तिच्या पायाशी ते पोतं, तोंड सुतळीने बांधलेलं. पुढे ड्रायव्हर, मध्ये गॉगलवाला आणि कडेला दादा. मागची ताडपत्री गुंडाळून वर बांधलेली होती. गाव मागे गेलं आणि घाट लागला.

वहिनीचा हात गार पडत होता. मी तो चोळत राहिले. तिला झोप लागली असं मला वाटलं. तेवढ्यात ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “पायाशी काय हाय?”

“नारळ हायत. त्या मानसाचे.”

तिचं पाऊल पोत्याला लागून होतं.

“नारळ श्वास घेतात काय, वन्सं?”

इंजिन घरघरत होतं. पुढे गॉगलवाला ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता. वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. तिने माझ्या हाताचं बोट धरलं.

“मोकळं झालं म्हनालात ना? मंग करा मोकळं.”

“वयनी, त्यांना कळलं तर आपल्याला हितंच उतरवतील. तुला...”

“माजं झालं. माजं मोकळं झालं,” ती म्हणाली. “करा.”

पुढे घाटातलं सगळ्यात उभं वळण होतं. तिथे प्रत्येक गाडी पहिल्या गिअरवर येते आणि रडतखडत चढते. मी वहिनीचं डोकं घोंगडीवर ठेवलं, तिच्या पायांकडे सरकले आणि सुतळीची गाठ दातांनी सोडली. पोत्याचं तोंड मागच्या फळीवर धरून उलटं केलं. गोळा जड होता. तो एकदा फळीवर आपटला, मला वाटलं संपलं सगळं, पण इंजिनाच्या आवाजात ते बुडालं. तो रस्त्यावर पडला, गडगडत कडेच्या पाचोळ्यात गेला. मागच्या लाल दिव्यात तेवढंच दिसलं. पोत्यात मी आमचं कपड्यांचं गाठोडं कोंबलं आणि वजनाला जीपच्या चाकाखाली लावायचा दगड. मग पुन्हा गाठ मारली. त्याच वेळी पुढे दादा मोठ्याने बोलायला लागला, खाणीबद्दल, चिऱ्यांबद्दल, वाटेल ते. एरवी तो मुलखाचा घुम्या माणूस. मला त्याचा राग आला. बायको मागे मरायला टेकलीय आणि ह्याला गप्पा सुचतायत, असं मनात आलं.

दवाखान्यात वहिनीला लगेच आत घेतलं. दार लागलं. मी बाहेर आले तेव्हा गॉगलवाल्याने जीपच्या उजेडात पोतं उघडलं होतं. गाठोडं खाली पडलं होतं. तो दगड हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होता.

“हा दगड माझ्या गाडीतला आहे,” तो शांतपणे म्हणाला. मग त्याने गॉगल काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे इतरांसारखेच होते, साधे. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दादा आमच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“तिला काय इचारायचं नाय. बोली माजी व्हती.”

“तू पुढं बसला होतास.”

“आरशात दिसलं मना,” दादा म्हणाला. “वळणावर. मी बगितलं नि गप बसलो. चला, जागा ठावूक हाय. तासाभरात ते कुठं जातंय लांब? शोधून देतो.”

तेव्हा मला कळलं की तो एवढा मोठ्याने का बोलत होता.

ड्रायव्हरने मागची फळी लावली. या वेळी दादाला त्यांनी पुढे बसवलं नाही. जीपमध्ये चढताना त्याने मला विचारलं, “पोरगा कुनासारखा हाय गं? मी नीट बगितलाच नाय.” मी काही बोलणार तोवर जीप सुरू झाली. लाल दिवा बाजारपेठेच्या टोकाला गेला आणि घाटाकडे वळला.

त्यानंतर दादाला कुणी पाहिलं नाही. गावाने घाट पिंजून काढला, पोलीस आले, खाणीवर चौकशी झाली. गॉगलवाल्याचं नाव विचारल्यावर कुणालाच सांगता येईना. ती जीप त्या भागात पुन्हा आली नाही. दादाच्या मुलाला आता मिशा फुटल्यात. हसताना तो मान खाली घालतो, थेट दादासारखा.

पण ते सगळं नंतरचं. त्या रात्री एवढंच झालं की दार उघडलं, नर्सबाई म्हणाल्या, रक्त थांबलं, आता धोका नाही, आणि मी आत गेले. वहिनीला सुई टोचलेली होती. तिने डोळे उघडले आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

“हे कुठं हायत?”

त्या दिवसात मी वहिनीशी दोनदा खोटं बोलले होते आणि त्याचं काय झालं ते मी नुकतंच बघून आले होते. तिसऱ्यांदा बोलायची माझी छाती झाली नाही.

“घाटात गेलेत,” मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

“चालत?”

“नाय,” मी म्हणाले. “जीपनं.”